डोक्यावरचा पदर

जिन्याच्या वळणावर गणपतीची तसबीर आहे. आमच्या विभागप्रमुख बाई तिथे थांबल्या, त्यांनी पदर डोक्यावर ओढला आणि डोळे मिटून हात जोडले. मी मागे, वरच्या पायरीवरच थबकले.

थोड्याच वेळापूर्वी वरच्या खोलीत, विभागाच्या बैठकीत, याच बाईंनी माझा पीएचडीचा विषय नाकारला होता. "अगं, रोमन देवांना आता पूजतं तरी कोण? आपले तेहतीस कोटी कमी पडले का तुला?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्याचाच राग अजून जात नाही.

प्राचीन रोममधले पुरुषही देवापुढे उभे राहताना अंगावरच्या वस्त्राचा काठ असाच डोक्यावर घेत. पूजेच्या वेळी भलतंसलतं काही दिसू नये, ऐकू येऊ नये म्हणून. ते देव गेले, देवळं पडली. पण देवापुढे माणसाचा हात असा नकळत वर का जातो, एवढंच मला शोधायचं होतं. त्या खोलीत हे मला मराठीत सांगता आलं नाही, इंग्रजीतही नाही.

बाईंनी डोळे उघडले, पदर खांद्यावर घेतला. मला पाहून म्हणाल्या, "सोमवारी आपल्याकडचा एखादा विषय घेऊन ये हं."

"हो, मॅडम," म्हणताना माझी मान आपोआप खाली गेली.