सगुणाबाईचा शेवटचा प्रवेश

कुसुम गेल्याचं मला इथल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवरून कळलं. सकाळी सुरती पापडी निवडत बसले होते, फोन वाजला, शेंग हातात तशीच ठेवून उघडला. ‘सर्वांना पोट धरून हसवणाऱ्या कुसुमबेन बोरसे यांचे दुःखद निधन.’ खाली जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेत कुणीतरी डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा चेहराही टाकलेला... चुकून असेल. आदल्या दिवशी दुपारी मी दवाखान्यात तिच्या उशाशी बसून आले होते. तिच्या मुलाचा, नीलेशचा, फोन नंतर आला. एकटा पोरगा कुठं कुठं पळणार, त्याच्यावर माझा राग नाही. राग आहे तो त्या ‘हसवणाऱ्या’ शब्दावर. महिना उलटून गेला, पण तो शब्द अजून घशाखाली उतरत नाही, म्हणून पेपरच्या पुरवणीसाठी हे लिहायला बसले. गोडगोड लिहायला मला जमणार नाही, हे आधीच सांगते.

आम्ही दोघी सुरतेत महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवायचो. इथं शिक्षिकेला बाई म्हणत नाहीत, बेन म्हणतात. तेव्हा ती कुसुमबेन आणि मी विजयाबेन. मी अमरावतीकडची, बँकेतल्या नवऱ्याच्या मागून इथं आले. ती मूळची अमळनेरजवळच्या खेड्यातली, पण वाढली इथल्या नवागामात, मागांच्या खडखडाटात. वडील पावरलूमवर होते. म्हणायची, ‘आमच्या घरात कुजबुजायची सोयच नव्हती गं विजू, मीठ मागायचं तरी वरच्या पट्टीत.’ गळा देवानं दिलेला होता, आणि कतारगामात हिऱ्यांच्या कारखान्यावर एका खोलीत राहणाऱ्या म्हाताऱ्या गुरुजींनी तो लग्नापर्यंत चांगला घासून घेतला होता. पण बाई अंगानं गोल, दात जरा पुढं, चालताना डुलायची. स्टेजवर नुसती येऊन उभी राहिली तरी लोक हसायला लागत. मग काय, स्नेहसंमेलन असो, हळदीकुंकू असो, कुणाचा निरोप समारंभ असो, ‘कुसुमबेन, काहीतरी गंमत करा ना.’ इतक्या वर्षांत ‘कुसुमबेन, गा’ असं कुणी म्हटलेलं मला आठवत नाही. आणि ती गंमत करायची. चांगली करायची, तिथंच तर सगळं फसलं.

चौकाजवळच्या शनिवारीत, म्हणजे आमच्या जुन्या बाजारात, तिला एकदा एक तबकडी सापडली. शंभरेक वर्षांपूर्वीची असावी, कडेला चिरलेली, वरचा कागद निम्मा उडालेला. त्यावर ‘सगुणाबाई’ एवढंच वाचता येत होतं. ती वाजवायला आम्ही एका पारशी आजोबांच्या घरी गेलो, त्यांच्याकडे चावीचा फोनो होता. खरखर, खरखर, आणि मग एक बाई गायला लागली, इतकी बेसूर की आजोबांनी कानावर हात ठेवला. मागं माणसं खदाखदा हसत होती. हसण्याचं गाणं होतं ते, त्या काळी अशा तबकड्या निघायच्या म्हणे. मलाही हसू आलं. कुसुम मात्र हसली नाही. ‘शेवट परत लावा,’ म्हणाली. आजोबांनी परत लावला, परत लावला... आणि मग मलाही ऐकू आलं. हसणं ओसरल्यावर, सुई मधल्या कागदाला भिडायच्या आत, ती बाई शेवटची ओळ एकदाच नीट गाते. दोन श्वास फक्त. असला स्वच्छ सूर की आजोबांची मान आपोआप हलली. कुसुम घरी येताना रिक्षात एवढंच म्हणाली, ‘हिला कुणीतरी वाईट गायला लावलंय.’

त्या दोन श्वासांवर तिनं दीड तासाचं एकपात्री संगीत नाटक उभं केलं. शब्द तिचे, चाली तिच्या, पेटीवर मी. तिच्या नाटकातली सगुणाबाई तापीकाठानं फिरणाऱ्या एका नाटक कंपनीत दोन अंकांच्या मध्ये लोकांना रिझवायला गाते. कंपनीत नायिकेचं काम करणाऱ्या पुरुष नटाचा आवाज उतरलेला असतो, त्याला हिचा गळा सोसत नाही. तो मालकाला सांगतो, ही बाई सुरात गाणार असेल तर मी नाही. मग मालक हिला बेसूर गायला लावतो. लोक हसतात, कंपनी चालते, आणि सगुणा जन्मभर वाईट गाऊन पोट भरते. शेवटच्या प्रवेशात कंपनी बुडालेली असते, ती रिकाम्या थिएटरात एकटी उभी राहते आणि जे गाणं आयुष्यभर वाकडं गायली तेच एकदा सरळ गाते. चाल तीच, शब्दही तेच.

सूर माझा गं पडला वाटेत, कुणी उचलून देईना
मागे वळुनी बघते बाई, कुणी ओळख दाखवीना

पहिल्या प्रवेशात या ओळींवर मुरकुंडी वळायची. शेवटच्या प्रवेशात त्याच ओळींनी मला पेटीचा भाता ओढवत नव्हता. हे असं खरंच घडलं होतं का, कुणास ठाऊक. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, ‘तिचं नसेल घडलं तर दुसऱ्या कुणाचं तरी घडलं असेल ना?’

तालमी माझ्या घरी व्हायच्या, शाळा सुटल्यावर. आमच्या दिवाणखान्यात हिंचका, म्हणजे झोपाळा, आहे, सुरतेत कुठल्या घरात नसतो. कुसुम त्यावर मांडी घालून बसायची, मी समोर खाली. त्या हिंचक्याची एक कडी कुरकुरते. मी तेल घालायला निघाले तर म्हणाली, ‘हात लावू नकोस, ती माझी गुरू आहे.’ ती काळी चारच्या पट्टीत गायची आणि कडी तिच्या षड्जाच्या अगदी केसभर खाली कुरकुरायची. बेसूर गायचं तर नेमकं किती खाली जायचं ते तिनं त्या कडीवरून पक्कं केलं. ज्याला सूर सापडला नाही त्याचं वाकडं गाणं ऐकताना अंगावर काटा येतो, हसू येत नाही. हसू यायला गाणाऱ्याला सूर ठाऊक हवा, आणि त्याच्या शेजारी पाय घट्ट रोवून उभं राहता यायला हवं. रोज तास तास ती तेवढंच करायची. माझ्या मुलानं एकदा आतून विचारलं, ‘मावशी, घसा बसला का?’ त्या दिवशी ती खूष होऊन गेली.

पहिला प्रयोग मंडळाच्या गणपतीत. मंडळाच्या सचिवांचं नाव घेत नाही, ते पुरवणी वाचतातच. पहिला प्रवेश झाला, हॉल हसून हसून आडवा. दुसरा सुरू झाला तेवढ्यात सचिव विंगेत येऊन हात करायला लागले. ‘बेन, मस्त हसवलंत हं, पण आता टुंकमां करा, थोडक्यात आटपा, आरतीचा टाइम झाला.’ संपवलं तिनं. खाली उतरल्यावर एक वहिनी मला म्हणाल्या, ‘तुमच्या मैत्रिणीला सूर नाही हो, पण किती मोकळेपणानं गातात!’ मी काही बोलणार तर कुसुमनं माझा दंड दाबला. पुढच्या वर्षी निरोप आला, कॉमेडीवालं तेवढंच ठेवा, वीस मिनिटं. त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. महाराष्ट्र दिन, कोजागिरी, कुणाच्या वास्तुशांतीलासुद्धा... वाकडी सगुणा सगळ्यांना हवी होती. मी म्हणायचे, नाही म्हण ना. तर म्हणायची, ‘नाही म्हटलं तर वीस मिनिटंही जातील. एखादे दिवशी पुढचं ऐकावंसं वाटेल कुणाला.’ वाट पाहायची तिची हौस दांडगी. ती निवृत्त झाली, मागोमाग मीही झाले, तरी वाट पाहणं संपलं नाही.

मग एकदा मराठी भाषेच्या दिवशी सचिवांनी शब्द दिला, पूर्ण प्रयोग, मोठा हॉल, पत्रिकेत नाव. कुसुमनं नऊवारी इस्त्रीला टाकली, नीलेशला कोसाडहून सुनेसकट बोलावलं. प्रमुख पाहुणे आले तासभर उशिरा, त्यांचा सत्कार झाला, मग सत्कार करणाऱ्यांचा सत्कार झाला, आणि पाहुणे मराठी माणसानं सुरतेत काय काय केलं ते सांगत बसले. नाटकाला दीड तास होता, हातात पाऊण राहिला. ‘बेन, तुम्ही हुशार आहात, जमवून घ्या,’ सचिव म्हणाले. तिनं जमवून घेतलं. मधले दोन प्रवेश कापले, माझ्याकडे बघून मान हलवली, आणि शेवटच्या प्रवेशासाठी पुढं येऊन उभी राहिली. दिवे कमी झाले. तिनं तोंड उघडलं, पहिली ओळ... सरळ, स्वच्छ. मागच्या रांगेतून कुणीतरी सवयीनं हसलं. त्याच्याबरोबर आणखी चार जण हसले. आणि साउंडवाल्याला वाटलं की कार्यक्रम संपला, त्यानं तिचा माइक बंद करून स्पीकरवर लावलं, ‘जमण तयार छे, सर्वांनी जेवायला खालच्या मजल्यावर यावं.’ खुर्च्या सरकायला लागल्या. ती दुसरी ओळ तशीच गात होती, विना माइकची, त्या खुर्च्यांच्या आवाजात. तिसरी ओळ तिनं घेतली नाही. वाकून नमस्कार केला. जाणाऱ्यांच्या पाठींनी टाळ्या वाजवल्या. त्या दिवशी श्रीखंड होतं, आम्ही दोघींनी खाल्लं नाही. सचिव वाटी घेऊन विचारायला आले होते, बेन रागावल्या का म्हणून. ‘छे हो, कशाला,’ कुसुम म्हणाली, आणि त्यांना हसवलंसुद्धा.

त्यानंतर तिनं सगुणा सोडली. ग्रुपवरचे निरोप आले की दम लागतो म्हणून सांगायची, आणि पुढं खरंच दम लागायला लागला. हृदयाचं दुखणं, पायांवर सूज. एका दुपारी घरी आली, हिंचक्यावर बसली आणि म्हणाली, ‘पेटी काढ.’ सगळं केलं तिनं त्या दिवशी. दीड तास. दम घेत घेत, बसल्या बसल्या, मालकाचा आवाज, नटाचा आवाज, आणि मध्ये मध्ये त्या कडीच्या सुरातली वाकडी गाणी. मी मनात म्हटलं, हिला आता थांबवू की नको. शेवटचा प्रवेश आला तेव्हा तिनं पाय जमिनीला टेकवून हिंचका थांबवला, कडी गप्प झाली. ‘तूही थांब,’ म्हणाली. मी पेटीवरून हात काढले. मग ती गायली. मला संगीतातलं फार कळतं असं नाही, शाळेत प्रार्थनेपुरती पेटी वाजवणारी मी. पण इतकं सांगते, तसं गाणं मी समोरासमोर दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही. झाल्यावर मी रडले, ती पाणी प्यायली. म्हणाली, ‘झाला एक प्रयोग. हाउसफुल.’ आणि मग जरा वेळानं, ‘पण लोकांपुढं व्हायला हवा होता गं.’

दवाखान्यातही तेच. शेवटच्या दुपारी नळ्या लावलेल्या, बोलायला बंदी, तरी मला जवळ ओढून म्हणाली, ‘विजू, एकदा पुरं करायचं.’ मी म्हटलं, बरी हो, करू. ‘खोटं बोलू नको. तुले जमस नही ते,’ ती म्हणाली. मनापासून बोलायची तेव्हा अहिराणीवर यायची.

शोकसभा त्याच हॉलमध्ये झाली. मागं मोठा फलक, त्यावर तिचा फोटो... वाकड्या सगुणेच्या वेषातला, गालावर लाल गोळे काढलेला, तोंड वासलेला. नीलेशनं साधा फोटो पाठवला होता, पण यांना हा ‘जिवंत’ वाटला. सचिव म्हणाले, ‘कुसुमबेननी आता वर देवालाही हसवायला सुरुवात केली असेल.’ मग कुणाच्या तरी मोबाइलवरचा पहिला प्रवेश पडद्यावर दाखवला. लोक डोळे पुसत होते आणि हसत होते. ज्यांनी तिला एकदाही पुरं होऊ दिलं नाही, ते ओळीनं उठून सांगत होते की असा कलाकार पुन्हा होणे नाही. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पेटी मुद्दाम बरोबर नेली होती. चार शब्द बोला म्हणाले, मी म्हटलं, बोलत नाही, वाजवते. शेवटच्या प्रवेशातलं गाणं वाजवते, तुम्ही ते ऐकलेलं नाही.

पहिले चार सूर वाजले आणि हॉल हसला. का नाही हसणार? चाल तीच होती. आणि माझी पेटी तर पहिल्या प्रवेशातही सुरातच वाजत होती, वाकडं व्हायचं ते फक्त कुसुमच्या गळ्यात. पेटीवर ती दोन्ही गाणी एकच. हे मला इतकी वर्षं पेटीवर बसून कळलं नव्हतं, ते तिथं, सगळ्यांसमोर, बोटं पट्ट्यांवर असताना कळलं. जे मला त्यांना ऐकवायचं होतं ते माझ्याकडे नव्हतंच, ते तिच्याबरोबर गेलं होतं. मी शेवटपर्यंत वाजवलं. कुणीतरी ठेका धरला, कुणी शब्द म्हणायला लागलं, मुद्दाम बेसूर, कुसुमबेनची आठवण म्हणून. सचिवांनी खाली उतरताना माझा हात धरला, ‘बेन, तुम्ही वातावरण हलकं केलंत.’

परवा मुलगा तेलाची कुपी घेऊन हिंचक्याखाली बसला होता. ‘आई, ही कडी डोकं उठवते, घालू का?’ मी नको म्हटलं. तो कुपी परत ठेवून आला. संध्याकाळी मी पेटी हिंचक्यावरच घेऊन बसते, काळी चार धरते आणि पायानं झोका देते. कडी आपली बरोबर केसभर खाली लागते. मग पाय टेकवून हिंचका थांबवते, पेटीवरून हात काढते... पुढची ओळ तिची आहे.