बॉनेटमधलं लिंबू

पेठ नाक्यावरच्या महेबूबचाचांच्या गॅरेजात गाडीचं दुखणं सांगून भागत नाही, तोंडानं वाजवून दाखवावं लागतं. "पंप गेला, टर्बो गेला, हे मला नको शिकवू मियाँ. गाडी कशी बोलते ते बोल!" मग भले भले मिशाळ ड्रायव्हर इकडंतिकडं बघत "घुर्रर्र... खट... खट" करतात आणि चाचा डोळे मिटून, मान तिरकी करून ऐकतात. तीस वर्षं तिरकी केलेली ती मान आता लग्नाच्या फोटोतही सरळ होत नाही.

त्या दिवशी सुरगाण्याहून देवराम जीप घेऊन आला. शेजारच्या सीटवर बायको, वत्सलाबाई. मागची शिटं, म्हणजे प्रवासी, त्याच भरतात, त्याच उतरवतात.

"चाचा, घाटात चढतच नाय वो! शिटं उतरून पायी चालत्यात अन् माज्या आधी वर पोचत्यात. गावातला मेकॅनिक बोलला, टर्बो गेला. तसं आसंल तर आजच इकून टाकतो हिला."

वत्सलाबाईंनी तोंड फिरवलं. जीप आली तेव्हापासून द्राक्षाच्या मजुरीला घर सोडून जाणं थांबलं होतं. जीप गेली की पुन्हा बिऱ्हाड डोक्यावर.

"वाजवून दाखव," चाचा म्हणाले.

"मी काय तमाशातला हाय का?"

"सरका तिकडं," म्हणून वत्सलाबाईच खाली उतरल्या. पदर खोचला, छातीत दम भरला. "हूंऽऽऽ... सुंईंईंई... अन् मग फुस्स! घूं... घूं... घूं..." शेवटच्या घूंला त्यांचे खांदेसुद्धा गळाले. शेजारचा पंक्चरवाला टायर सोडून बघायला आला.

चाचांनी एक डोळा उघडला. "वहिनी, ती सुंई परत."

"सुंईंईंई!"

"शिट्टी वाजते म्हणजे टर्बो जिवंत आहे. इंजिनात हवा फुंकतोय बिचारा. मधे कुणीतरी चुगली करतंय."

त्यांनी स्कॅनर जोडला. चावी फिरवली, पण इंजिन चालू केलं नाही. इंजिन बंद असताना टर्बोचा दाब मोजणाऱ्या सेन्सरनं बाहेरच्या हवेच्या दाबाचाच आकडा दाखवायचा. नाशकात पंच्याण्णवच्या आसपास. स्क्रीनवर एकशे ऐंशी!

"बघ भाऊ. इंजिन झोपलंय आणि हा सांगतोय, टर्बो जोरात फुंकतोय. इंजिनाचा कॉम्प्युटर घाबरतो, डिझेल तोडतो. मग घूं घूं."

सेन्सर शोधायला त्यांनी बॉनेटमध्ये हात घातला, तर हाताला लागलं लिंबू. वाळलेलं, दोन मिरच्यांसकट, नेमकं सेन्सरच्या वायरीला बांधलेलं. प्लगाच्या पिना रसानं गंजून हिरव्यागार.

"हे इथं कुणी बांधलं?"

"बंपरवरचं शेरडं खात व्हती," वत्सलाबाई हळूच म्हणाल्या. "स्टँडवर रोज. म्हून मी आत..."

देवराम उसळला. "म्हंजे तूच घालवलीस व्हय गाडी! दर आवसंला नवं लिंबू, अन् मी टर्बोच्या नावानं रडतोय!"

वत्सलाबाई एकदम लहान झाल्या. चाचांना ते बघवेना. "ओरडू नको भाऊ. प्लगाचं रबर बघ, कधीचं फाटलंय. लिंबू नसतं तर पाणी शिरलं असतं. रबर बघायचं काम कुणाचं, वहिनींचं का तुझं?"

देवराम वाकून फाटलेलं रबर चाचपू लागला.

पिना घासून झाल्या, आकडा हलेना. रस सेन्सरच्या आत गेला होता. नवा सेन्सर आणला, नवं रबर बसवलं. चावी. पंच्याण्णव.

"लिंबू बांधा की," चाचा म्हणाले, "पण आत, आरशाला. तिथं शेरडू चढलं तर त्याचं तिकीट काढा."

वत्सलाबाई पदराआड हसल्या.

चढावर बघितल्याशिवाय चाचा गाडी सोडत नाहीत. तिघं पेठ रोडला लागले. चढ आला. देवरामनं श्वास रोखून पाय दाबला. शिट्टी वाढली आणि जीप मागून कुणी ढकलावी तशी उसळून पुढं गेली. पुढचा उसाचा ट्रॅक्टर मागं पडला. चढ संपला. दुसरा आला, तोही संपला. देवराम काही गाडी मागं वळवेना.

"इकायची नाय," तो समोर बघत म्हणाला. "आयकलंस का गं? इकायची नाय."

"आयकलं. दोनदा."

"अरे भाऊ," चाचा मागून ओरडले, "माझं गॅरेज उघडं आहे! मला सुरगाण्याला नेतोस की काय?"

"चला की चाचा," वत्सलाबाई म्हणाल्या, "नागलीची भाकर खाऊन या!"