जेवणाच्या टेबलावरचं रण

आमच्या प्रताप नगरच्या घरात जेवणाचं टेबल होतं, पण त्यावर कोणी जेवत नसे. लग्न ठरल्यावर माझ्या नवऱ्याने ते हौसेने घेतलं होतं. सासूबाईंना खुर्चीवर बसून घास उतरत नसे, आणि त्या खाली बसलेल्या असताना सासऱ्यांना वर बसणं बरं वाटत नसे. मग आम्ही सगळेच खाली ताटं मांडायचो आणि टेबलावर इस्त्रीचे कपडे आणि सोलायचे वाटाणे पडलेले असायचे.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. सासरे रेल्वेतून निवृत्त झाले आणि दिवसभर घरात काय करायचं हे त्यांना कळेना. अशात सीताबर्डीच्या फुटपाथवर जुन्या पुस्तकांत त्यांना एक इंग्रजी पुस्तिका सापडली. मुखपृष्ठ फाटलेलं होतं. टेबलावर खेळण्यातले सैनिक मांडून, टेपने अंतर मोजून आणि फासे टाकून लढाई कशी खेळायची, याचे नियम तिच्यात होते. हा खेळ लहान मुलांचा नाही, असं पहिल्याच पानावर बजावलेलं होतं. सासऱ्यांनी ते फार मनावर घेतलं आणि प्लास्टिकच्या सैनिकांची पाकिटं घेऊनच घरी आले. अर्धे हिरवे, अर्धे तपकिरी.

"बाबा, लोक काय म्हणतील?" नवरा म्हणाला.

"लोकाईले नको सांगू," सासरे म्हणाले.

त्यांना गडी मिळेना. नवऱ्याने हात जोडले. रोजचे पत्ते खेळणारे मित्र आले, टेबलाकडे बघितलं, आणि त्यातल्या एकाने हळूच विचारलं, "तब्येत बरी आहे ना गा?" मग ते ओसरीत जाऊन रमी खेळत बसले.

मी या भानगडीत पडले ती माझ्या शिलाईच्या टेपमुळे. पुस्तिकेतलं सगळं अंतर इंचांत होतं आणि घरात इंचांचा टेप माझ्याकडेच होता. तेव्हा मी सासऱ्यांसमोर डोक्यावरून पदर घेत असे आणि त्यांच्याशी थेट बोलत नसे. आम्ही दोघं एकाच खोलीत असलो तरी निरोप सासूबाईंमार्फत जायचे.

"तिले विचार," सासरे स्वयंपाकघराकडे तोंड करून म्हणाले, "सहा इंच मोजाचे ते सैनिकाच्या नाकापासून का टाचेपासून?"

"ते विचारून राहिले, नाकापासून का टाचेपासून," सासूबाईंनी माझ्याकडे वळून सांगितलं. मी त्यांच्या शेजारीच कणीक मळत होते.

"पुस्तकात पाहावं लागेल," मी त्यांना सांगितलं. मी इंग्रजी घेऊन बीए झाले होते. पुस्तिका सासूबाईंच्या हातून माझ्याकडे आली, उत्तर त्यांच्या तोंडून परत गेलं. असे चार-पाच प्रश्न झाले. शेवटी सासूबाईंनी तव्यावरची काळी पोळी उचलून दोघांनाही दाखवली. "आता तुमचं तुम्ही बोला. मले सैपाक करू द्या."

तेव्हापासून आम्ही थेट बोलू लागलो, आणि समोरच्या बाजूचा गडीही मीच झाले. सासऱ्यांनी मला उद्देशून म्हटलेलं पहिलं पूर्ण वाक्य होतं, "सूनबाई, तुमची तोफ टेकडीच्या मागं आहे, तिले काही दिसत नाही." ते मला अहोजाहोच करत.

टेकडी म्हणजे चादरीखाली ठेवलेली रेल्वेची जाडजूड वेळापत्रकं. नदी निळ्या पतंगाच्या कागदाची, पूल आगपेटीचा. लकडगंजच्या आरा मशीनवरून सासरे पिशवीभर लाकडाचा भुसा घेऊन आले आणि तो आम्ही हिरव्या रंगात कालवून गच्चीवर वाळत घातला. तो पसरला की टेबलावर गवत उगवायचं. माझ्या सैनिकांचे डगले मी लग्नात आलेल्या लाल नेलपॉलिशने रंगवले. ते चटकन वाळतं आणि चमकतंही छान. सासूबाई म्हणाल्या, "बोटाले कधी लावलं नाही वं, अन् यायले लावून राहिली."

अडचण पदराची होती. तोफेला खरंच काय दिसतं हे बघायला डोळा टेबलाच्या पातळीवर न्यावा लागे. मी वाकले की पदर सुटायचा आणि एक अख्खी पलटण झोपायची. सासरे काही बोलायचे नाहीत, एकेकाला उचलून उभं करायचे. एकदा त्यांच्या सगळ्या घोडेस्वारांवरून माझा पदर फिरला तेव्हा सासूबाईच दारातून म्हणाल्या, "कमरेत खोच तो. वाकल्यावर काही डोक्यावर राहत नाही." मी खोचला, तो खोचलेलाच राहिला.

खेळताना मी हरायचे. मुद्दाम. सासऱ्यांना हरवणं बरं दिसणार नाही, या विचाराने मी तोफा भलतीकडे वळवायचे, घोडेस्वार चिखलात न्यायचे. एका दुपारी सासऱ्यांनी फासे खाली ठेवले.

"सूनबाई, तुम्ही मले जिंकवून राहिल्या."

मी टेप गुंडाळू लागले.

"मी एवढी वर्षं साहेबांच्या हाताखाली काढली. कोण मन राखून राहिलं ते मले कळते. असं खेळाचं असन तर मी एकटाच खेळतो, तेवढंच होते."

ते रागावले नव्हते. त्यांना वाईट वाटलं होतं, आणि मला ते जास्त लागलं. पुढच्या लढाईत मी त्यांची डावी बाजू पार मोडून काढली. पुस्तिकेत एक नियम होता: फार माणसं पडली की उरलेल्यांची हिंमत टिकते का, ते फासा टाकून बघायचं. सासऱ्यांचा फासा वाईट पडला. त्यांनी पळालेले सैनिक उचलून डब्यात टाकले आणि म्हणाले, "उद्या पुन्हा मांडू." त्या दिवशी त्यांनी भाजी दोनदा मागून घेतली.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी माझे बाबा भिवापूरहून आले, मिरच्यांचं पोतं घेऊन. दार उघडंच होतं. ते आत आले तेव्हा मी पदर खोचून, टेबलावर ओणवी होऊन सासऱ्यांना म्हणत होते, "नाही मामंजी, तुमची माणसं पळाली. उचला ती."

बाबांच्या हातातलं पोतं तिथंच खाली बसलं. "व्याहीबुवा, माफी करा," ते म्हणाले. "पोरीले आम्ही असं शिकवलं नव्हतं."

"थांबा जरा," सासरे वरही न बघता म्हणाले. "सूनबाई पूल घेऊन राहिली. तुम्ही या इकडे, हे घोडेस्वार तुमचे."

बाबा अंग चोरून खुर्चीवर बसले. आम्ही नियम समजावले: शेवटी पूल ज्याच्या हाती, तो जिंकला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "पळालेले जातात कुठं?"

"डब्यात," सासरे म्हणाले.

बाबांची पाळी आली. समोरून सरळ चाल केली असती तर ते टेकडीवरच्या माझ्या तोफेशी पोचले असते. पण ते घोडे हलवेनात.

"मधात पीक उभं आहे," ते म्हणाले.

"व्याहीबुवा, तो लाकडाचा भुसा आहे."

"असन. पण हिरवा आहे ना? उभ्या पिकात घोडे घालाचे नाही."

त्यांनी पूर्ण वळसा घालून रस्त्याने घोडे नेले. सासऱ्यांनी कपाळाला हात लावला. मला वाटलं, बाबा आता लढाईत काही येत नाहीत, म्हणून मी पुलावरचे लाल डगलेवाले काढून टेकडीवर पाठवले. रस्ता पुलाकडेच जात होता. बाबांचे घोडे सावकाश आले, रिकाम्या पुलावर उभे राहिले आणि मी हरले. सासऱ्यांनी उठून बाबांना मिठी मारली. लग्नातसुद्धा त्यांनी नुसता नमस्कार केला होता.

संध्याकाळी मी बाबांना इतवारी स्टेशनवर पोचवायला गेले. अरुंद रुळांवरची छोटी गाडी लागलेली होती. ते खिडकीशी बसले आणि म्हणाले, "तुह्या मायनं सांगितलं होतं, पोरगी सुखात आहे का नीट विचारून ये."

मी खिडकीशी सरकले.

"तो पूल तू काहून सोडला वं?" त्यांनी विचारलं.

मी समजावू लागले. गाडी हलली तरी माझं सांगणं टेकडीपर्यंतच पोचलं होतं. घरी जाऊन त्यांनी आईला एवढंच सांगितलं, की पोरगी सासऱ्याशी भांडते, त्याचे शिपाई डब्यात टाकायला लावते आणि लय मजेत आहे. पुढच्याच आठवड्यात आई स्वतःच्या डोळ्यांनी बघायला गाडीत बसून आली.