एक टोक तिच्या आंब्याला

थोरल्या जावेचं आणि माझं पटत नाही, हे महाळुंगे पडवळच्या एसटी थांब्यावरही कुणी सांगेल. आमच्या घरांची भिंत एक, परसही एकच. मधे विटांची एक ओळ. तिच्या बाजूला आंबा, माझ्या बाजूला जांभूळ.

तो आंबा माझा व्हायचा होता. आमच्याकडे वाटे थोरल्याने पाडायचे आणि आधी उचलायचा मान धाकट्याचा. झाडांची पाळी आली तेव्हा नवऱ्याने माझ्याकडे बघितलं. आंबा तोवर कधी मोहरलाच नव्हता, आणि जाऊ अगदी गप्प. मी आळ्याहून नुकती नांदायला आलेली, चार बुकं शिकलेली, शहाणपण अंगात मावत नव्हतं. वाटलं, ही गप्प आहे म्हणजे बिनकामाचं झाड माझ्या गळ्यात मारायचंय. मी जांभूळ मागितलं, वर जिंकल्यासारखी हसले. पुढच्याच वर्षी आंब्याच्या फांद्यांना टेकू द्यावे लागले. तेव्हापासून तिच्या लोणच्याचा वास माझ्या स्वयंपाकघरात येतो. लोणचं येत नाही.

मग मी शहाणीने विटांच्या ओळीला लागून शेवगा लावला, जावेच्या कुरडयांवर सावली पडावी म्हणून. शेवग्याची सावली ती केवढी, चाळणीतून गळावी तेवढी. कुरडया खडखडीत वाळायच्या आणि सुरवंट माझ्या भिंतीवर चढायचे.

यंदा उन्हाळ्यात मुलगा-सून पुण्याहून जाळीची झोळी घेऊन आले, माझ्या पाठीला आराम म्हणून. ते तिला हॅमॉक म्हणतात. तिला दोन झाडं लागतात. सुनेने टेप लावून मोजलं. जांभूळ ते आंबा, अगदी बेतात बसत होतं.

"आंब्याला दोरी लागायची न्हाई," मी म्हणाले.

"आई, मोठ्या आईला नुसतं विचारायचं," मुलगा म्हणाला.

"जा, विचार. मग जेवायला बी तिच्याकडंच बस."

मला त्या झोळीत पडायचं होतं, खोटं कशाला बोलू? पण तिच्या दारात मागायला जाऊन नव्हे. म्हणून दुसरं टोक शेवग्याला बांधायचं ठरलं, म्हणजे मी ठरवलं. शेवग्याचं लाकूड ठिसूळ असतं, असं मुलगा पुटपुटला.

"मी लावलाय. मला म्हाईत हाय," मी म्हणाले.

जाऊ आपल्या ओट्यावर चिंचा फोडत बसली होती.

"कुणाचं बाळ निजवायचंय गं धाकटे?"

"माजं मीच निजते."

"शेवग्याला?"

"तुमी चिंचा फोडा."

चढले. पहिला झोका बरा लागला. दुसरा तिच्याकडे बघत घेतला. तिसऱ्याला शेवगा मधोमध मोडला आणि मी पाठीवर आपटले, अंगावर सगळा पाला. सून धावली. जाऊ धावली नाही. तिने हातातली चिंच पुरती फोडली, चिंचोका डब्यात टाकला, मग सावकाश उठून आली आणि दोरीचं सुटलेलं टोक माझ्या मुलाच्या हातात दिलं.

"बांध आंब्याला. पर रोज दुपारी आधी मी पडणार. ही माझ्या मागनं."

मी हो म्हणाले नाही. नाही म्हणायला अंगात त्राण उरलं नव्हतं.

मुलगा-सून गेले, झोळी राहिली. आता रोज जेवणं झाली की ती विटा ओलांडून येते आणि माझ्या दाराकडे पाय करून पडते. मुद्दाम. वर घोरते. तिचं होईपर्यंत मी पायरीवर बसून असते, पाठ धरून.

काल तिने मिटलेला एक डोळा उघडला.

"जांभळाची गाठ कोण बघतं गं?"

"मीच. रोज बघते."

ती बराच वेळ दोरीकडे बघत राहिली. काल काही तिला घोरणं जमलं नाही.