वळणाखालची झाडलेली जागा

गाडी मी चालवत होते. हे वाक्य लिहायला मला अजूनही मजा येते, कारण सत्तावन्न वर्षांची होईपर्यंत मी साधी स्कुटीसुद्धा चालवली नव्हती. आणि बाजूच्या सीटवर बसले होते आमचे देवरावजी, ज्यांनी अठ्ठावीस वर्षं मेळघाटच्या घाटात लाल बस चालवली. अमरावतीच्या राजापेठेतून पहाटे निघालो तर पहिल्याच चौकात त्यांचा उजवा पाय जोरात खाली दबला. तिथं ब्रेक नव्हता, नुसती पायपुसणी होती.

"अवो, गाडी मी चालवून रायली," मी म्हटलं.

"मी काही बोललो का?"

"तुमचा पाय बोलला."

आता मुळापासून सांगते. देवरावजींना काचबिंदू आहे. अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं, की गेली तेवढी नजर परत येणार नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची. समोरचं दिसतं, कडेचं नाही. उजेड कमी झाला की तेही नाही. तिसऱ्या दिवशी चहाची कपबशी खाली ठेवून म्हणाले, "मले घाटात एक रात रायचं हाये. हॉटेलात नाई. जंगलात. जोवर दिसते तोवर."

अठ्ठावीस वर्षं त्यांनी त्या जागा समोरच्या काचेतून पाहिल्या होत्या. ओढ्याचं एक वळण, एक माळ, वळणाखालचं एक झाड. रोज दिसायच्या आणि रोज मागे पडायच्या. मागे साठ माणसं बसलेली, त्यांना कुणाला दवाखाना, कुणाला बाजार. मधेच गाडी थांबवून ड्रायव्हर झाडाखाली जाऊन बसला असता तर काय झालं असतं, विचार करा!

मी क्लास लावून गाडी शिकले. मग पुतण्याचा तंबू मागून आणला आणि गच्चीवर लावून पाहिला. शेजारच्या वहिनी कठड्यावरून डोकावल्या. "काहून हो मॅडम, घरात भांडण झालं का?" मी गणिताच्या शिकवण्या घेते, त्यामुळे आख्खी गल्ली मला मॅडम म्हणते आणि माझ्या घरात काय चाललंय याची चौकशीही हक्काने करते.

परतवाड्याला थांबून गिलावडा खाल्ला (भिजवलेल्या डाळीचा वडा, वरून चटणी आणि ताक; आमच्या अमरावतीकडची खासियत). पुढे घाट लागला. मार्च सरत आला होता. सागाची पानं गळून गेलेली, डोंगर तांबूस दिसत होते, मधेच एखादा पळस नाहीतर कुसुमाची कोवळी लाल पालवी. आमचे हे मात्र बाहेर न पाहता माझ्या हाताकडे पाहत होते. "दुसरा गिअर टाक. टाक व दुसरा. बाप्पा, गाडी रडून रायली!" मी दोनदा गाडी बाजूला घेतली आणि दोनदा त्यांना सांगितलं, की आणखी एक शब्द बोललात तर इथंच उतरवीन. ते हसले. मग बाहेर पाहू लागले.

नाक्यावर वनरक्षक म्हणून एक तरुण मुलगी होती. तंबूचं नाव काढताच तिनं दोन्ही हात जोडले. "काकाजी, हा वाघाचा मुलूख हाये. अथी रस्त्याच्या खाली पाय ठेवायची परवानगी नाई." देवरावजींचा चेहरा असा उतरला, की तिला त्यांची दया आली असावी. तिनं नकाशा उलगडला आणि समजावलं. अमुक फलकाच्या पुढे एका गावाचं स्वतःच्या हक्काचं जंगल लागतं, तिथं गावाला विचारा, गाव हो म्हणालं तर राहा. पण आग पेटवायची नाही, काडीसुद्धा नाही. म्हणजे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजायचा आमचा बेत तिथंच बुडाला. मी मनात म्हटलं, बरं झालं पोळ्या आणि ठेचा घेतलाय.

गाव म्हणजे कोरकू आदिवासींची पंचवीस-तीस घरं, शेणामातीनं सारवलेल्या भिंती, दोन्ही बाजूंना समोरासमोर रांग. पोलीस पाटील पारावर बसले होते. त्यांनी आम्हा दोघांना पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. "घर नाई का तुमाले?" असं विचारलं, आणि आहे म्हटल्यावर त्यांना आणखीच कोडं पडलं. शेवटी म्हणाले, "राहा. पाण्यापाशी नोका राहू. आंधार पडायच्या आत काय ते लावा."

मग आमची शोधाशोध सुरू झाली. जंगलात निजायची जागा शोधणं हे घर शोधण्यापेक्षा अवघड असतं, हे मला त्या दुपारी कळलं. पहिली जागा ह्यांच्या आठवणीतलं ओढ्याचं वळण. मऊ वाळू, वर सावली, मला तर एकदम पसंत. वाकून पाहते तर वाळूत ठसेच ठसे! खुरांचे, पंजांचे, बारीक बोटांचे. उन्हाळ्यात तेवढंच पाणी उरलेलं, सगळ्यांचा पाणवठा तोच. पाटील काय म्हणत होते ते तेव्हा डोक्यात शिरलं.

दुसरी जागा मी निवडली आणि फसले. मी अंजनगाव सुर्जीच्या शेतकऱ्याची मुलगी. सपाट काळी जमीन दिसली की आम्हा वऱ्हाडातल्या माणसांचं काळीज सुपाएवढं होतं. "अशी जमीन माह्या बापाले मिळाली असती तर!" असं म्हणून मी पहिली खुंटी टेकवली, आणि खुंटी डोक्यापर्यंत आत गेली, ठोकावीच लागली नाही. उन्हानं जमिनीला हातभर भेगा पडलेल्या. खुंटी ओढून काढली तर मागोमाग एक विंचू बाहेर आला आणि मी जी ओरडले, ते बहुतेक परतवाड्यापर्यंत ऐकू गेलं असेल.

"निवडली मॅडमनं जागा," हे म्हणाले. मी खुंटी पिशवीत टाकली आणि पुढं चालू लागले.

ऊन कलायला लागलं तेव्हा आम्ही रस्त्याच्या मोठ्या वळणाखाली आलो. देवरावजी थांबले. मान इकडेतिकडे हळूहळू फिरवून, कडेचं न दिसणारी माणसं पाहतात तसं, ते पाहत होते.

"ते झाड. तेच हाये. खालची जमीन कशी चकचकीत दिसते ना? वरून रोज असीच दिसायची."

मोहाचं झाड होतं, तिघांच्या कवेत न मावणारं. आजूबाजूला गुडघाभर पाला आणि ह्या झाडाखाली मात्र अंगणासारखी स्वच्छ, झाडून काढलेली गोल जागा. खडा नाही, काडी नाही. आम्ही अगदी हरखून गेलो. कुणीतरी आपल्यासाठीच झाडून ठेवलंय जणू! अर्ध्या तासात तंबू उभा राहिला. ह्यांनी जमिनीवर ऐसपैस मांडी घातली, ठेचा लावून पोळी खाल्ली आणि वर रस्त्याकडे बोट केलं. "तथून मी खाली पाहो. आज खालून वर पाहून रायलो." त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही. बत्तीस वर्षांच्या संसारात मी त्यांना इतकं सुखात पाहिलं नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन.

तेवढ्यात पायवाटेनं एक म्हातारी आली. खांद्यावर पदर, हातात खराटा. ती आमच्यापुढे येऊन उभी राहिली आणि तंबूकडे पाहतच राहिली.

"हे काय करून रायले तुमी?"

"राहून रायलो, माय," देवरावजी म्हणाले. "गावाले विचारलं हाये."

"गाव काय सांगन? झाड माह्यं हाये. माह्या सासूचं होतं, मंग माह्यं." तिनं खराट्यानं तंबूच्या भोवती एक गोल दाखवला. "सकाळी फुलं कुठी पडतीन? तुमच्या डोक्यावर?"

तिचं नाव सुगंतीबाई. तिनं आम्हाला समजावलं, अगदी मी पोरांना अपूर्णांक समजावते तसं. मोहाची फुलं पहाटेपासून आपोआप गळतात. ती मातीत, पाल्यात हरवू नयेत म्हणून हंगामभर रोज संध्याकाळी झाडाखालची जमीन झाडून ठेवायची. प्रत्येक झाडाला धनी असतो आणि सगळ्या गावाला ते माहीत असतं, म्हणून पाटलांना वेगळं सांगायची गरजच वाटली नाही. जंगलात आपोआप झाडलेली जागा असते असं समजणारे आम्ही दोघं शहाणेच पहिले.

"आनं अस्वल येते," ती म्हणाली. "त्याले फुलं लय आवडतात. माह्याआधी येते कधी कधी."

मी तंबूचा दोर ओढायला एका पायावर तयार झाले.

पण तोवर अंधारून आलं होतं. आठ खुंट्या काढायच्या होत्या. मी बॅटरी धरली होती. देवरावजी गुडघ्यांवर बसून हात जमिनीवरून फिरवत होते. खुंटी त्यांच्या करंगळीपासून वितीवर, माझ्या बॅटरीच्या उजेडात लख्ख, आणि ते दुसरीकडेच चाचपत होते. घरात त्यांना प्रत्येक वस्तूची जागा पाठ आहे, म्हणून मला कळलंच नव्हतं. किती गेलंय हे त्यांनी मला सांगितलंच नव्हतं. मी बॅटरी तोंडात धरून खाली बसले आणि त्यांचा हात धरून खुंटीवर ठेवला. त्यांनी ती उपटली. मग दुसरी. अशा आठही काढल्या.

सुगंतीबाई सगळं पाहत होती. तिनं तंबूची वळकटी उचलून डोक्यावर घेतली आणि देवरावजींना खराट्याची मूठ धरायला दिली. स्वतः दुसरं टोक धरून पुढं चालू लागली. वाटेत दगड आला की नुसतं "दगड" म्हणायची. तिच्या घरामागच्या शेतात, कुडाच्या आडोशाला, तिनं आम्हाला जागा दिली. कुटकीचा भात दिला (कुटकी म्हणजे डोंगरउतारावर पिकणारं बारीक धान्य) आणि वर पातळ वरण. मी आयुष्यात इतकी गाढ झोपले नसेन.

सकाळी फटफटताना तिनंच उठवलं. "चला. रायचं होतं ना झाडाखाली? मंग आता फुलं वेचा."

झाडाखाली खरंच फुलं पडत होती. टप. टप. फिकट पिवळी, रसाळ, द्राक्षाएवढी, आणि सगळीकडे दाट गोड वास. मी वाकून वेचत होते आणि कंबर धरत होते. देवरावजी मात्र सरळ मांडी घालून बसले, दोन्ही हात जमिनीवर पसरले आणि सरकत सरकत निघाले. जमीन इतकी स्वच्छ, की हाताला लागेल ते फूलच. माझ्या टोपलीचा तळ झाकेपर्यंत त्यांची टोपली अर्धी झाली.

"तुह्या मानसाचा हात चांगला हाये," सुगंतीबाई मला म्हणाली. मग देवरावजींकडे वळून, "काय काम करत होते तुमी?"

"बस चालवत होतो. या रस्त्यानं. सकाळची पहिली."

ती वेचता वेचता थांबली. "लंबा हॉर्न देणारा?"

देवरावजी खाली मान घालून फुलं वेचत राहिले. ती मला सांगू लागली. मोहाच्या दिवसांत पहिली गाडी वळणावर आली की वरून लांबलचक हॉर्न वाजायचा. अस्वल आसपास असलं तर ओढ्यापलीकडे निघून जायचं. बाया हॉर्न ऐकूनच घरातून निघायच्या. काही वर्षं झाली, गाडी येते पण हॉर्न तेवढा वाजत नाही.

"अवो, हे मले कधी सांगितलं नाई तुमी?" मी विचारलं.

"त्यात काय सांगायचं," हे म्हणाले. "एकदा वरून अस्वल दिसलं. खाली झाडीत बाया दिसत होत्या. तवापासून देत होतो."

तेवढ्यात वर डोंगरात इंजिनाचा आवाज आला. देवरावजी घाईनं उठले, कपडे झटकले, तोंड वर करून उभे राहिले. सकाळची पहिली गाडी. झाडांमधून लाल रंग मला दिसला, वळणावर हळू झाला आणि पुढे गेला.

"दिसली का तुले?"

"दिसली."

"ड्रायवरनं खाली पाहिलं का?"

इतक्या लांबून माणूस कुठला दिसतोय! पण मी म्हणाले, "पाहिलं. हात केला त्यानं."

देवरावजींनी उजवा हात वर केला. आवाज पूर्ण थांबेपर्यंत तो त्यांनी खाली घेतला नाही. मी टोपलीत तोंड घालून फुलं वेचत राहिले, कारण वर पाहण्याची माझी हिंमत नव्हती.

नऊच्या सुमारास निघालो. सुगंतीबाईनं ओंजळभर फुलं कागदात बांधून दिली आणि वर दम दिला, की पुढच्या खेपेला आधी झाडाच्या धन्याला विचारायचं. ती परत झाडाकडे गेली आणि आम्ही गाडीकडे.

मोठ्या वळणावर मी गाडी कडेला घेतली. खाली ती गोल, झाडलेली जमीन दिसत होती आणि तिच्या मधोमध एक ठिपका. मी हॉर्नवर तळहात दाबला आणि दाबूनच धरला. ठिपका सरळ झाला. एक हात कमरेवर आणि दुसरा वर.

"हात केला का तिनं?" ह्यांनी विचारलं.

"केला."

"खरंच?"

"खरंच केला, तुमची आन."

ते हसले. "सकाळी त्या ड्रायवरनं नव्हता केला ना?"

मी स्टिअरिंगकडे पाहत बसले. खोटं पकडलं गेलेल्या पोरासारखं झालं मला. "नाई," मी म्हणाले. "तुमाले कसं कळलं?"

"अवं, या वळणावर हॉर्न दाबता येते, पण स्टिअरिंगवरचा हात काढता येत नाई. अठ्ठावीस वर्षांत मले एकदाही काढता आला नाई."

"मंग तुमी काहून हात वर केला?"

"तू म्हटलं ना, त्यानं केला म्हणून."

मी त्यांचा हात हातात घेतला, थोडा वेळ तसाच धरून ठेवला आणि मग गाडी सुरू केली. घाट उतरताना मी त्यांना दिसेल ते सांगत गेले: डावीकडे पळस, पुढे दरी, दरीत पाणी नाही, एक मोर, दोन बाया डोक्यावर मोळी घेऊन. जे होतं तेच सांगितलं, एकही जास्तीचं नाही. राजापेठेत पोचेपर्यंत माझा घसा पार बसला होता.