केसरबाईंचा पाळणा

कासारवाडीत रुळांलगत राहणाऱ्या केसरबाईंचा कंठ ही साऱ्या वस्तीची ठेव होती. बारसे कोणाकडेही असो, पाळणा म्हणायला पाचारण त्यांनाच होई. त्याच कंठात गाठ निघाली. सोमवारी शस्त्रक्रिया होती. नंतर आवाज राहील, असे आश्वासन डॉक्टर देईनात. सून नेहाला सातवा महिना लागलेला. आपल्या अपत्याला आजीचा पाळणा लाभणार नाही, या विचाराने मुलगा बुद्धरत्न व्याकुळ झाला.

तो चाकणच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. रविवारी सकाळी त्याने मित्राकडून माइक आणि ऑडिओ इंटरफेस आणला. माइकमधला स्वर संगणकात उतरवणारी ती तळहाताएवढी पेटी; पण संगणक तिला ओळखेचना. दोघांचा परिचय घडवणारा ड्रायव्हर नावाचा प्रोग्राम त्याने काढला, पुन्हा बसवला, पुन्हा काढला. पडद्यावरची आवाजाची रेघ निश्चलच.

"कंपनीत एवढाल्या मशिनी नीट करतोस म्हनं," केसरबाई हसल्या. "ही एवढीशी डबी ऐकंना व्हय तुझं?"

"आई, बोलू नकोस. घसा जप."

"उद्यापास्नं गप्पच ऱ्हायचंय की!"

बुद्धरत्नाने ड्रायव्हर पुन्हा काढायला घेतला.

दुपारी नेहा त्याच्या पाठीशी येऊन उभी राहिली. ड्रायव्हर बसताना मध्येच एक सूचना उमटे आणि हा ती ओलांडून पुढे जाई.

"अहो, पेटी आत्ता जोडा म्हणतोय तो. वायर कुठंय?"

वायर बुद्धरत्नाच्या खिशात होती. यंत्राला हात लावण्यापूर्वी त्याचा वीजपुरवठा तोडून कुलूप घालावे आणि दुसऱ्या कोणी तो जोडू नये म्हणून किल्ली स्वतःपाशी ठेवावी, हा कारखान्यातला दंडक त्याच्या हातांत भिनला होता.

"चालू मशीनवर काम करत नसतात," तो ओशाळून म्हणाला.

"डबी आहे हो ती. शॉक नाही बसायचा!"

वायर जोडून त्याने ड्रायव्हर पुन्हा बसवला. पेटीवर हिरवा दिवा उजळला आणि केसरबाईंच्या नुसत्या निःश्वासाने पडद्यावरची रेघ थरथरली.

गाड्यांचा खडखडाट अडावा म्हणून खिडकीवर गोधड्या टांगल्या गेल्या. केसरबाई मात्र माइकसमोर अवघडल्या.

"पाळना न्हाई, बाळ न्हाई. म्हनू तरी कुनाला?"

नेहा त्यांच्याजवळ चटईवर बसली आणि त्यांचा हात तिने अलगद आपल्या उदरावर ठेवला.

मग स्वर निघाला. जीर्ण, मध्येच तुटणारा, तरीही वत्सल. तिसऱ्या कडव्याला खोकला आला. बुद्धरत्नाने रेकॉर्डिंग थांबवले नाही. केसरबाईंचा हात एकाएकी स्थिर झाला.

"हललं गं!" त्या पुटपुटल्या. "ऐकतंय. थांब बाळा, आजून एक म्हनते."