मथुराअक्का गप्प झाली

चामराजपेटेत मथुराअक्काच्या तोंडाला खीळ म्हणून कधी नव्हती. साडीला फॉल लावताना ती गिऱ्हाइकाशी बोले, गिऱ्हाईक गेलं की सुईशी. तिच्या भावाला, अभिराजला, मुलगा झाला तेव्हा आत्या म्हणून तिनंच बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगितलं, ईशान. आईबाप दोघंही हेब्बाळला नोकरीला, पोर दिवसभर हिच्या कडेवर. डाळीला फोडणी देतानाही तिचं तोंड त्याच्या कानाशीच असे.

अडीच वर्षांचा झाला तरी ईशान बोलेना. प्लेस्कूलच्या बाईंनी पोराकडे धड न बघताच निदान ठोकून दिलं: घरात मराठी, बाहेर कन्नड, शाळेत इंग्लिश, पोर गोंधळलंय, एकच भाषा ठेवा.

"अक्का, स्वल्प ऐक," अभिराज म्हणाला. "त्याच्यासमोर मराठी नको. इंग्लिशच बोलू या."

मथुराअक्काची इंग्लिशच्या नावानं बोंब. ती गप्पच बसली. चुकून "सोन्या" निघालं की भावजय रम्या हसत तिच्या तोंडावर हात ठेवी. ईशानला तो खेळच वाटला. आत्याचे ओठ हलले की तो त्यांवर तळवा दाबे आणि सगळे हसत. तीही हसे. पोराच्या भल्यासाठी जीभ गिळायची तर गिळू, असं तिनं मनाला समजावलं होतं.

दोन वर्षांनी मोठ्या शाळेनं कान तपासून आणायला सांगितलं. तपासणाऱ्या बाईंनी कागद पुढे ठेवला. भाषांचा काही दोष नव्हता. ईशानला जन्मापासूनच कमी ऐकू येत होतं; अगदी कानाशी बोललेलं तेवढंच पोचायचं.

"घरात असं जवळून कोण बोलायचं?" त्यांनी विचारलं.



"अक्का बोलायच्या," रम्या म्हणाली. "आम्हीच थांबवलं."

बाई रागावल्या नाहीत. यंत्र लावू, शिकवू, म्हणाल्या; पण बोलणं शिकायची कोवळी वर्षं गेली, ती भरून निघतील असं वचन देता येत नाही.  पोरापर्यंत पोचणारा एकच आवाज होता, आणि तो मथुराअक्कानं शहाण्यासारखा बंद केला होता.

घरी येताच तिनं ईशानला कडेवर घेतलं. आता तो जड झाला होता. कानाशी तोंड नेऊन ती म्हणाली, "ईशान."

त्यानं वळून तिच्या हलणाऱ्या ओठांकडे पाहिलं, खुदकन हसला आणि तिच्या तोंडावर घट्ट हात ठेवला.